सर्वचक्रचालित गाडी उंच करणें : पाटे व स्प्रिंगा यांची निवड

काळ्या जमिनीच्या टापूंत शेतरस्त्याची पावसाळ्यांत काय स्थिति होते, हें ह्या मासिकाच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. मृगाचे दोन पाऊस पडले कीं खताच्या ट्रॉल्यांनीं पाडलेल्या चाकोऱ्या वीतभर खोल जातात, मधला उंचवटा तसाच राहतो, आणि मोटार त्या उंचवट्यावर पोट टेकून बसते. ज्यांच्याकडे चारी चाकांस जोर पोहोंचणारी गाडी आहे, त्यांसहि ती ट्रॅक्टर लावून ओढून काढावी लागते. मग गॅरेजवाला सांगतो कीं, गाडी दोन इंच उचलून घ्या. हा सल्ला कधीं बरोबर असतो, पुष्कळदां अर्धवट असतो, व एखादे वेळीं माणसांच्या जिवावर बेततो. उचलणें म्हणजे नक्की काय, त्यासाठीं बाजारांत मिळणाऱ्या भागांपैकीं कोणता भाग काय करितो, आणि आपल्या कामास त्यांपैकीं कोणता योग्य, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की ठसवावी. गाडीस उंच्या दोन असतात : एक जमिनीपासून ॲक्सलच्या सर्वांत खालच्या भागापर्यंतची, आणि दुसरी जमिनीपासून चासीपर्यंतची. ज्या गाडीचा ॲक्सल अखंड आहे, तिच्या दोन चाकांच्या मध्यें डिफरन्शियलची पेटी लोंबत असते व चाकोरीमधला उंचवटा प्रथम तिलाच लागतो. पाटे कितीहि उंच घातले तरी ही पेटी केंसभरहि वर येत नाहीं. पाटा हा ॲक्सल व चासी यांमधला दुवा आहे; तो वाढविल्यानें चासी वर जाते, परंतु चाकाच्या मध्याशीं जखडलेला ॲक्सल जेथल्या तेथेंच राहतो. त्या पेटीखालची जागा वाढविण्याचा उपाय एकच, आणि तो म्हणजे अधिक व्यासाचा टायर.

आपल्याकडे १९८५ सालीं निघालेल्या मारुतीच्या जिप्सीचें उदाहरण घेऊं. ती सामान्य ग्राहकास आतां नवी मिळत नाहीं, पण खेड्यापाड्यांतून अद्याप पुष्कळ चालतात. तिचे पुढचे व मागचे दोन्ही ॲक्सल अखंड असून चारी चाकांवर पाटे आहेत, आणि जमिनीपासूनची मोकळीक २१० मि.मी. आहे. तिला २०५/७० आर १५ ह्या मापाचा टायर असला, तर रुंदीच्या शेंकडा ७० इतकी टायरची बाजू, ती दोनदां, आणि त्यांत रिमचे १५ इंच मिळवून व्यास सुमारें ६६८ मि.मी. भरतो. त्या जागीं २१५/७५ आर १५ घातला तर व्यास ७०४ मि.मी. होतो. फरक ३६ मि.मी.चा, पण ॲक्सल वर येतो तो त्याच्या निम्म्यानें, म्हणजे १८ मि.मी., पाऊण इंचाहूनहि कमी. शिवाय एंजिनाची ओढ शेंकडा पांच कमी होते, व वेगाचा कांटा ६० दाखवील तेव्हां गाडी ६३ नें धांवत असते.

मग पाटे उंच करून मिळतें काय? बांध ओलांडतांना चासीचें पोट टेकत नाहीं. नाल्यांत उतरतांना पुढचा बंपर व चढतांना मागचा बंपर घांसत नाहीं. मोठा टायर घातल्यास तो मडगार्डाला लागत नाहीं. आणि माल भरल्यावर गाडी ढुंगणावर बसत नाहीं. ह्यांपैकीं शेवटची अडचण शेतकऱ्याची खरी अडचण होय, आणि नेमकी तीच उंचीची नसून ताठपणाची असते. हा भेद न केल्यामुळें पैसे वायां जातात.

म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं टेप घेऊन गाडी मापावी. सपाट फरशीवर ती उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डाच्या कडेपर्यंत अंतर घ्यावें. ह्या रीतीनें मापल्यास टायरमधील हवा कमीजास्त असली तरी फरक पडत नाहीं. चारी मापें रिकाम्या गाडीचीं व चारी नेहमींचा माल भरून घ्यावीं. नंतर त्याच जातीच्या, फारशी न झिजलेल्या एखाद्या गाडीचीं मापें घेऊन ताडून पाहावीं. दहा-बारा वर्षें राबलेल्या गाडीचे पाटे तीन-चार सेंटिमीटर बसलेले आढळल्यास आश्चर्य मानूं नये. अशा गाडीस उंचीचा संच नको, कंपनीच्या मूळ मापाचे नवे पाटे हवेत. दोन इंचांपैकीं दीड इंच तेथेंच परत मिळतो. उजवी व डावी बाजू यांत फरक दिसला तर एखादी पट्टी मोडलेली आहे कीं काय तें पाहावें. चिखलाच्या थराखालीं मोडकी पट्टी महिनोन् महिने लपून राहते.

टेपनंतर काटा. साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर प्रथम केवळ पुढचीं चाकें चढवावीं, मग संपूर्ण गाडी. वजाबाकीनें मागच्या ॲक्सलवरचें वजन निघतें. हें रिकाम्या व भरल्या अशा दोन्ही स्थितींत करावें. हे चार आंकडे ज्याच्याजवळ नाहींत त्यानें पाटा निवडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ताठपणा म्हणजे पाटा एक सेंटिमीटर दबण्यास जितके किलो लागतात तितके. समजा, मागच्या एका पाट्याचा ताठपणा दर सेंटिमीटरास ४० किलो आहे, आणि आपण ४०० किलो माल मागच्या ॲक्सलवर लादला. प्रत्येक पाट्याच्या वांट्यास २०० किलो आले व गाडी ५ सें.मी. बसली. आतां ५० किलोचा पाटा घातला तर ती ४ सें.मी. बसेल. म्हणजे ताठपणा चवथ्या हिश्शानें वाढवूनहि लाभ एकाच सेंटिमीटरचा. बाकीची उंची पाहिजे असेल तर ती पाट्याच्या बांकांतून आली पाहिजे. बांक आणि ताठपणा ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत. विकणारा 'दोन इंचांचा पाटा' म्हणतो तेव्हां ते दोन इंच रिकाम्या गाडीचे कीं भरलेल्या गाडीचे, हें त्यास विचारावें. उत्तर देतां न आल्यास दुसरें दुकान पाहावें.

जाड पट्ट्यांच्या मोहांत तर मुळींच पडूं नये. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. ६ मि.मी. जाडीच्या पट्टीऐवजीं ७ मि.मी.ची घातली तर डोळ्यांस फरक दिसत नाहीं, पण ताठपणा शेंकडा ५९ नीं वाढतो. उलट पांच पट्ट्यांच्या पाट्यांत त्याच जाडीची सहावी भरली तर वाढ सुमारें शेंकडा २० ची असते. ताठ पाट्याची गाडी माल असतां छान चालते, पण रिकामी असतां उड्या मारते; खडबडीत चढावर तिचें एक चाक अधांतरीं राहून नुसतें फिरतें, आणि चारी चाकांस जोर देऊन जें साधावयाचें तेंच नासतें. आपली गाडी जातांना रिकामी व येतांना भरलेली अशी धांवते. तिला सर्वांत चांगला तोडगा म्हणजे मूळच्या ताठपणाचा पाटा व त्यास जोडून हेल्पर पट्टी. ही पट्टी रिकाम्या गाडींत मोकळी राहते आणि वजन पडून मुख्य पाटा दबला म्हणजेच कामास लागते.

जुने पाटे ठोकून पुन्हां बांक देण्याची चाल आपल्याकडे फार आहे. थंडच ठोकलेला पाटा थोड्याच दिवसांत पुन्हां बसतो; भट्टींत लाल करून वांकविला आणि त्याचें पाणी पुन्हां नीट दिलें नाहीं, तर पोलाद मऊ पडतें किंवा कांचेसारखें ठिसूळ होतें. ज्या कारागिरास पाणी देण्याची व नंतर बेताची उष्णता देऊन ठिसूळपणा काढण्याची कला येते त्याजकडेच हें काम द्यावें. असे कारागीर आतां थोडे उरले आहेत.

पाट्याच्या टोंकाशीं चासीस जोडणारी जी झुलती कडी असते तीस शॅकल म्हणतात. लांब शॅकल घालणें हा स्वस्तांतला उपाय. परंतु ॲक्सल पाट्याच्या मध्यावर बसलेला असल्यामुळें शॅकल ५ सें.मी. वाढविली तर गाडी अडीचच सेंटिमीटर वर येते, आणि पाटा एका टोंकास खालीं गेल्यानें ॲक्सल स्वतःभोंवतीं किंचित् फिरतो. पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोंकास असेल तर ह्या फिरण्यानें चाकांची मागें कलण्याची मूळ ठेवण कमी होते, आणि सुकाणूचक्र सोडल्यावर सरळ परत येण्याची संवय गाडी विसरते. मोठ्या रस्त्यावर अशी गाडी झोंक्यांत चालते. पाटा व ॲक्सल यांमध्यें पोलादी पाचर देऊन हा दोष काढतां येतो. पण मग स्वस्ताई कोठें राहिली? अर्ध्या-पाऊण इंचापलीकडे शॅकलचा भरंवसा धरूं नये.

ॲक्सल व पाटा यांमध्यें ठोकळे घालण्याचा प्रकार ज्या गाडींत पाटा ॲक्सलच्या वर बसतो तेथेंच चालतो. जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या खालून जातात; तेथें ठोकळा घातल्यास गाडी उंच होण्याऐवजीं खुजी होते, आणि असें करून चकित झालेला कारागीर आम्हीं स्वतः पाहिला आहे. जेथें चालतो तेथेंहि ठोकळा फक्त मागें, एकच, व पोलादाचा असावा. एकावर एक ठोकळे रचूं नयेत. पुढच्या ॲक्सलवर तर ते कधींच घालूं नयेत. कारण जोरानें ब्रेक लावला म्हणजे पुढचा ॲक्सल पिळला जातो व ठोकळा त्या पिळास तरफेसारखी मदत करितो. खालचे पाटे काढून ॲक्सलच्या वर बसविण्याचा जो मोठा फेरफार करितात त्यानें जिप्सी पांच इंचांच्या आसपास उंच होते, पण सुकाणूच्या दांड्यांची सर्व मांडणी बदलावी लागते. तें खेळगड्यांचें काम आहे, कामकऱ्यांचें नव्हे.

आतां ज्या गाडींत पुढचीं दोन चाकें स्वतंत्र झुलतात तिच्याकडे वळूं. आपल्या नव्या गाड्यांपैकीं बहुतेक याच जातीच्या आहेत. ह्या बाबतींत सर्वांत बोलकें उदाहरण परदेशांतील सर्वचक्रचालित व्हॅन गाड्यांचें आहे. कारण तिकडे कुटुंबासह रानावनांत हिंडणारे लोक ह्या बंद गाड्या हौसेनें उंच करितात. अमेरिकेंत १९९० पासून २००५ पर्यंत निघालेल्या शेव्हरोले ॲस्ट्रोच्या सर्वचक्रचालित प्रकारांत पुढें टॉर्शन बार व मागें पाटे होते. १९९४ सालीं जपानांत निघालेल्या मित्सुबिशी डेलिका स्पेस गियरमध्यें पुढें टॉर्शन बार व मागें कॉइल स्प्रिंगा. टॉर्शन बार म्हणजे पीळ खाऊन भार तोलणारा पोलादी दांडा. त्याच्या टोंकाचा बोल्ट आंवळला कीं गाडीचें तोंड वर येतें. पैसा लागत नाहीं, नवा भाग लागत नाहीं, म्हणून मोह अनावर होतो. ह्या आंवळण्यानें दांड्याचा ताठपणा वाढत नाहीं. चाकास खालीं जाण्यासाठीं जी जागा होती तेवढी मात्र खर्च होते, आणि खड्ड्यांत चाक उतरलें म्हणजे तें अटकावावर आदळून ठोका बसतो.

येथें एक गंमत लक्षांत घ्यावी. अशा गाडींत पुढचें डिफरन्शियल चासीस जोडलेलें असतें, त्यामुळें गाडी उचलली कीं तेंहि खरोखरच वर जातें. अखंड ॲक्सलच्या गाडीस जें मिळत नाहीं तें हिला पुढच्या बाजूस मिळतें. किंमत अशी कीं डिफरन्शियल वर गेलें, चाकें खालीं राहिलीं, आणि त्यांस जोडणारे दोन आंखूड शाफ्ट तिरपे झाले. तिरपेपणा वाढला म्हणजे सांध्यांवरचीं रबरी बुटें घांसून फाटतात, वंगण उडून जातें, आंत चिखल शिरतो व सांधा थोड्याच दिवसांत कटकट करूं लागतो. सतत चारी चाकांस जोर देणाऱ्या गाडींत हे सांधे अष्टौप्रहर भार सोसतात, म्हणून तेथें ही झीज अधिक लवकर होते. साधारण दोन इंचांपलीकडे जाणारे लोक डिफरन्शियलहि तितकेंच खालीं उतरवून घेतात; मग शाफ्ट सरळ होतात खरे, पण मिळविलेली मोकळीक जेथल्या तेथें परत जाते! अशा गाडीस दीड इंच पुरे समजावा. कॉइल स्प्रिंगांविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं : खालीं चकती घालणें म्हणजे केवळ उंची, नवी स्प्रिंग घेणें म्हणजे उंची व ताठपणा दोन्ही, माल वाहणाऱ्यानें दुसरा मार्ग धरावा.

पाटे अथवा स्प्रिंगा बदलल्या म्हणजे काम संपलें असें समजणें हीच मोठी चूक. शॉक ॲब्सॉर्बर जुन्याच लांबीचे ठेवल्यास चाक पूर्ण लोंबतांच ते ताणले जाऊन तुटतात. म्हणून चाक पूर्ण खालीं व पूर्ण वर असतां दोन्ही अंतरें मापून त्यांत बसणारे घ्यावेत. ब्रेकच्या रबरी नळ्या चाक लोंबत्या स्थितींत ताणल्या जातां कामा नयेत. चासीखालचे रबरी ठोकळे उंचीच्या प्रमाणांत वाढवावे. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोंकांच्या क्रॉसांचे कोन सारखे राहिले पाहिजेत; ते विषम झाले कीं शाफ्टच्या दर फेऱ्यास दोन हिसके बसतात आणि ठराविक वेगास गाडी थरथरूं लागते.

ह्या सर्वांहून जिची आठवण कोणी करीत नाहीं ती वस्तु म्हणजे मागच्या ब्रेकचा भारदर्शी व्हॉल्व्ह. माल वाहणाऱ्या अनेक गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ एक लहानशी दांडी असते. गाडी बसली म्हणजे माल भरला आहे असें ती व्हॉल्व्हास कळविते व मागच्या ब्रेकांस अधिक दाब मिळतो. गाडी उंच असली म्हणजे ती रिकामी आहे असें समजून दाब कमी होतो. आपण पाटे उंच केले कीं ह्या बिचाऱ्या दांडीस गाडी सदैव रिकामीच वाटते. मग द्राक्षांच्या पेट्यांनीं भरलेली गाडी घाटांत उतरतांना मागचीं चाकें जवळजवळ नुसतीं घरंगळत असतात आणि सर्व भार पुढच्या ब्रेकांवर पडतो. दांडीचा खालचा आधार उंचीच्या मानानें सुधारून घेणें किंवा उत्पादकाच्या रीतीप्रमाणें व्हॉल्व्ह पुन्हां लावून घेणें, हें काम अर्ध्या दिवसाचें आहे. गॅरेजच्या बिलांत तें वेगळें लिहिलेलें नसेल तर तें झालेलें नाहीं असें समजावें.

आतां उलटण्याचा प्रश्न. आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांनीं आपली बंद टपाची गाडी तीन इंच उंच करून घेतली, टपावर कॅरियर बसविला, व खुडणीच्या दिवसांत त्यावर पेट्या आणि आंत सात मजूर बाया अशी ती कालव्याच्या भरावावरून आणीत असत. समोरून आलेल्या ट्रॅक्टरास वाट देण्यासाठीं त्यांनीं दोन चाकें उतारावर घातलीं. त्या जागीं ती गाडी पूर्वीं दहा वेळां उभी राहिली होती. ह्या खेपेस ती सावकाश, कांहींहि आवाज न करितां, कुशीवर पडली. प्राण कोणाचे गेले नाहींत. एका बाईचा हात कोपरांतून मोडला, आणि तो पुढें नीट वळला नाहीं.

हिशेब असा आहे. गाडीच्या दोन चाकांतील अंतर १३०० मि.मी. व गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मि.मी. मानला, तर ती आडव्या उतारावर ४५ अंशांपर्यंत कागदावर तरी उभी राहते. तीन इंच, म्हणजे ७५ मि.मी. उचलल्यास ॲक्सल व चाकें जागींच राहत असल्यामुळें गुरुत्वमध्य समजा ६५ मि.मी. वर जातो, मर्यादा ४२ अंशांवर येते. आतां १२०० किलोच्या त्याच गाडीच्या टपावर सुमारें दोन मीटर उंचीस १०० किलोच्या पेट्या ठेवा. गुरुत्वमध्य आणखी जवळजवळ १०० मि.मी. वर जाऊन मर्यादा ३९ अंशांवर उतरते. टपावरचें क्विंटलभर ओझें तीन इंचांच्या उंचीपेक्षांहि अधिक घातक आहे, हें ह्यावरून दिसेल. पाटे व टायर उताराच्या बाजूस दबतात, खड्डे असतात, वळणावर वेग असतो. त्यामुळें प्रत्यक्षांतली मर्यादा कागदावरच्या आंकड्याहून कितीतरी कमी असते. तेव्हां उंच केलेल्या गाडीच्या टपावर कांहींएक ठेवूं नये, आणि टपावर ठेवल्यावांचून ज्याचें चालत नाहीं त्यानें गाडी उंच करूं नये.

कायद्याचीहि बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करितां येत नाहीं, व सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं हाच अर्थ कायम केला आहे. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा दर फेरफारामागें ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. शिवाय अपघातानंतर विमा कंपनी प्रथम गाडीच्या मूळ स्थितीबद्दलच विचारते. बसलेले पाटे काढून मूळ मापाचे घालणें ही दुरुस्ती आहे, फेरफार नव्हे. त्यापलीकडे जावयाचें असल्यास कामाला हात घालण्यापूर्वीं परिवहन कार्यालय व विमा कंपनी दोघांसहि लेखी विचारावें.

खरेदी करितांना पाटे नेहमीं एका ॲक्सलचे दोन्ही बदलावे. एक नवा व एक जुना ठेवल्यास गाडी कायमची कलते. यू-बोल्ट जुने पुन्हां वापरूं नयेत, ते एकदां ताणले गेलेले असतात. काम झाल्यावर अलाइनमेंट पाहून घ्यावें व पुढचे दिवे खालीं वळवून घ्यावे. नाहीं तर समोरच्याचे डोळे दिपतात. सतत चारी चाकांवर चालणाऱ्या गाडीस चारी टायर एकाच मापाचे व सारखेच झिजलेले असावे. नवे पाटे पहिल्या कांहीं दिवसांत सेंटिमीटरभर बसतात, त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु त्या बसण्यानें यू-बोल्ट सैल पडतात. म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ते पुन्हां आंवळावे, आणि त्याच दिवशीं टेप घेऊन चारी चाकांचीं मापें पुन्हां टिपून ठेवावीं.